स्वस्त हाकेचा इतिहास

पत्रलेखनाची कला लयास गेली, अशी हळहळ साहित्यविषयक लेखांतून वारंवार वाचावयास मिळते. परदेशी गेलेला मुलगा पूर्वी चार पानी पत्र लिहीत असे. आता तो फोनवर चार शब्द बोलतो आणि मोकळा होतो, असा या हळहळीचा मथितार्थ असतो. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती कोणाची तक्रार आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. ज्याला लिहिता येत होते, ज्याच्या घरी लिहिलेले वाचणारे होते आणि वाचलेले जपून ठेवावयास ज्या घरी एखादी पेटी होती, त्याची ही तक्रार आहे. ज्या घरी आईस अक्षरओळख नव्हती त्या घराचे पत्राशी असलेले नाते अगदी निराळे होते. परदेशाहून स्वस्तात बोलता येऊ लागल्याने काय घडले, हे त्या घराच्या उंबऱ्यावरून पाहिले म्हणजे चित्र बरेच पालटते.

मराठी माणसांच्या परदेशवासातील सर्वांत प्रसिद्ध पत्रव्यवहार आनंदीबाई जोशी व गोपाळराव यांचा. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या, फिलाडेल्फियास वैद्यक शिकल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन त्याच वर्षी परतल्या. एका पत्राला समुद्र ओलांडावयास महिनाभर लागे, उत्तरास तितकाच. म्हणजे रुसवा कळून समजूत निघेपर्यंत ऋतू पालटून जाई. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांना या पत्रांचा मोठाच आधार झाला. पण या पत्रव्यवहाराची दोन्ही टोके साक्षर होती, आणि एका टोकाचे गृहस्थ तर टपाल खात्याचेच नोकर होते! असा योग किती घरांच्या वाट्यास येणार? १९५१च्या शिरगणतीतही भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा नऊच्या आतच होते.

आमचे गंगापूर म्हणजे दत्तभक्तांचे गाणगापूर नव्हे, किंवा नाशिकजवळचे धरणाचे गंगापूरही नव्हे. गोदावरीला जेथे लोक सरळ गंगाच म्हणतात त्या मराठवाड्यातील हे तालुक्याचे गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते; त्या राज्याचे टपाल स्वतंत्र आणि तिकिटेही १८६९ पासून स्वतंत्र. परदेश ही गोष्ट या बाजूस उशिरा आली. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखातात कामगारांना मागणी आली, तेव्हा गवंडी, सुतार, वाहनचालक अशी माणसे मुंबईमार्गे तिकडे गेली. पुढे तालुक्यातीलच वाळूजला कारखाने उभे राहिले, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, आणि शतकाच्या अखेरीस संगणकाच्या कामावर अमेरिकेस जाणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलेही दिसू लागली. पहिल्या पिढीत शिकलेल्या या मुलांच्या आया बहुधा निरक्षरच होत्या.

अशा घरी पत्र आले म्हणजे ते ओट्यावर वाचले जाई. वाचणारा पोस्टमन असे, मास्तर असत, नाहीतर शेजारचा सातवीतला मुलगा. ऐकावयास निम्मी गल्ली. उत्तर सांगावयाचे तेही त्याच मुलाला, आणि तो ते शाळेत शिकविलेल्या मायन्यात बसवी: येथील सर्व मंडळी खुशाल, तुझी खुशाली कळवीत जावी. सुनेने सासूविषयी, सासूने सुनेविषयी, किंवा आईने आपल्या दुखण्याविषयी या लेखनिकाला काय सांगावे? या घरांतील पत्र हे खासगी वाङ्मय कधीच नव्हते. तो एक प्रकारचा जाहीरनामा होता.

आता आवाजाकडे वळू. आवाज समुद्रापार नेण्याच्या इतिहासात महाराष्ट्राची भूमी आरंभापासून आहे. १८७० साली मुंबईहून एडनकडे समुद्रतळाशी तार गेली. २३ जुलै १९२७ रोजी इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले, त्याचे प्रक्षेपणकेंद्र पुण्याजवळ खडकीस व ग्रहणकेंद्र दौंडला होते. १९३३ साली मुंबई व लंडन यांच्यात रेडिओमार्गे प्रत्यक्ष संभाषण होऊ लागले. पण ते संस्थानिक, सरकार आणि बडे व्यापारी यांच्यापुरतेच. हे सर्व काम १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने आपल्याकडे घेतले. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रहाकडे तोंड केलेले केंद्र उभे राहिले. शब्द सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येई, त्यास पाव सेकंद लागे. एवढ्या विलंबानेही दोघे एकाच वेळी बोलत आणि एकाच वेळी थांबत. १९७६ साली मुंबईहून लंडनचा क्रमांक स्वतः फिरविण्याची सोय झाली.

गंगापूरसारख्या गावात मात्र हे युग अवतरले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडीच्या दुकानांच्या रूपाने. काचेची खोली, आत लाल आकडे पळणारे यंत्र, आणि शेवटी टरकन बाहेर येणारी पावती. परदेशी बोलावयाचे तर मिनिटाला साठ रुपयांच्या घरात खर्च येई. म्हणून गावाकडून फोन जात नसे, तिकडूनच येई. तोही शेजारच्या फोनवर, ज्यास सगळे पी.पी. नंबर म्हणत. मुलाने आधी वेळ कळवावयाची, आईने त्या वेळी सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या बैठकीत जाऊन बसावयाचे. फोन आला म्हणजे ती ओरडून बोले, कारण मुलगा फार लांब आहे हे तिला ठाऊक होते. प्रश्न ठरलेले: जेवलास का, पाऊस आहे का, कधी येणार. बैठकीतील मंडळी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत. लेखनिक गेला होता. श्रोते कायम होते.

हा आवाज इतका महाग का होता, याचे उत्तर अंतरात नाही. १९९७ साली मुंबईला समुद्रमार्गे आलेल्या फ्लॅग नावाच्या काचतंतूच्या केबलीत हजारो संभाषणे एकाच वेळी मावत होती. महागाई होती ती करारांत. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे तिकडच्या कंपनीने इकडच्या मक्तेदार कंपनीस ठरलेली रक्कम द्यावयाची, असा जुना प्रघात. ही रक्कम खऱ्या खर्चाच्या कितीतरी पट आहे असे म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९७ साली गरीब देशांसाठी मिनिटाला २३ सेंट ही कमाल मर्यादा घातली. आपल्या सरकारची बाजू अशी की, या पैशातूनच खेड्यांत तारा पोहोचवावयाच्या आहेत. हा युक्तिवाद अगदी टाकाऊ नव्हता. परंतु खेड्यात फोन यावा म्हणून दुबईतील गवंड्याने आईशी कमी बोलावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

इंटरनेटने या करारांना वळसा घातला. आवाजाचे सेकंदास ८,००० वेळा मोजमाप करून त्याचे आकडे करावयाचे, ते दाबून आठव्या हिश्श्यावर आणावयाचे, आणि पत्रांप्रमाणे लहान लहान पाकिटांत घालून पाठवावयाचे. पाकिटात पत्र आहे की बोलणे आहे याची वाटेतल्या यंत्रांना फिकीर नसते. १९९५ साली इस्रायलमधील एका कंपनीने असे बोलण्याची सोय बाजारात आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, पण १९९८च्या धोरणाने खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरविण्याची परवानगी देताना त्यावरून फोन करण्यास मनाई केली. ही मनाई उठली १ एप्रिल २००२ रोजी. ज्या तार कायद्याचा अंमल तोवर चालू होता तो १८८५चा, म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्या वर्षीचा!

मनाई उठली तीही अर्धीच. भारतातील संगणकावरून अमेरिकेतील साध्या फोनवर बोलता येई. इंटरनेटवरून भारतातील साध्या फोनवर येण्यास मात्र परवानगी नव्हती. म्हणजे सायबर कॅफेत जाऊन कानाला यंत्र लावू शकणाऱ्या भावाची सोय झाली, घरच्या फोनपाशी बसलेल्या आईची नाही. २००३ पासून परदेशाहून येणाऱ्या बोलण्यावर आणखी एक आकार बसला, तो २००८ मध्ये गेला. अशा वेळी जे व्हावयाचे तेच झाले: भाड्याच्या खोल्यांतून बेकायदा केंद्रे निघाली. परदेशातील आवाज तेथे इंटरनेटने येई व स्थानिक फोनचे सोंग घेऊन पुढे जाई. मुलगा न्यू जर्सीहून बोले आणि फोनवर मुंबईचा नंबर उमटे. सरकारने धाडी घातल्या, व ते योग्यच होते. पण घरोघरच्या आयांनी त्या चोरीचा लाभ अजाणता घेतला, हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

दर उतरत गेले. २००३ मध्ये स्काइप आले (ते मे २०२५ मध्ये बंदही झाले). २००९ साली व्होनेज या अमेरिकन कंपनीने महिना २४.९९ डॉलरांत भारतासह साठांहून अधिक देशांशी हवे तितके बोलण्याची योजना काढली. घरच्या इंटरनेटला एक लहान डबी जोडावयाची आणि नेहमीचाच फोन उचलावयाचा. पलीकडे आईजवळ साधा फोन असला तरी पुरे. आम्हांस या योजनेचे महत्त्व मोठे वाटते. मिनिटाचा हिशेब गेला आणि त्याबरोबर ठरलेले प्रश्नही गेले. लाल आकडे पळत असताना माणूस बातमी सांगतो. ते थांबले म्हणजे गप्प बसू शकतो. पुढे २०१५ साली व्हॉट्सॲपवर बोलता येऊ लागले, २०१६ मध्ये चेहराही दिसू लागला, आणि त्याच वर्षी जिओमुळे खेड्यातही इंटरनेट स्वस्त झाले.

या तालुक्यातील एका वृद्ध बाईंना आम्ही ओळखतो. सही म्हणून त्या अंगठाच उमटवितात. मुलाचे छायाचित्र दाबले की तो बोलतो, एवढे त्यांना कळते. फोन घेऊन त्या मागच्या परसात जातात, शेवग्याखाली बसतात, आणि त्या काय बोलतात ते घरात कोणास ठाऊक नसते. तीस वर्षांपूर्वी त्यांची पत्रे मास्तरांकडून वाचून घेतली जात. गुपित ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात सत्तरीनंतर आली.

इतिहासकाराची यात हानी आहे, ती लपविण्याचे कारण नाही. आनंदीबाईंचा रुसवा आज वाचता येतो. शेवग्याखालचे बोलणे हवेत विरले. शंभर वर्षांनी या काळातील स्त्रियांचे मन जाणू पाहणाऱ्यास पावत्या मिळतील, दरपत्रके मिळतील, धाडींचे पंचनामे मिळतील. परंतु ओट्यावर वाचली गेलेली पत्रे हाती असती तरी त्यांतही त्याला ते मन सापडले नसतेच. तेथे सर्व मंडळी खुशालच होती.

आणि ही कथा सर्वत्र पुरी झालेली नाही. सौदी अरबस्तानाने इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. दुबईच्या राज्यात व्हॉट्सॲपचे बोलणे त्यानंतरही बंदच राहिले आणि परवानगी मिळालेल्या मोजक्या सोयींवरच लोकांना भागवावे लागले. ज्या घरचा एक मुलगा रियाधला आणि दुसरा दुबईला, त्या घरची आई रियाधच्या मुलाशी रोज रात्री बोले, आणि दुबईचा अजून बोलत का नाही, असे त्यालाच विचारी.