महेशचंद्रांचे डाव

कलकत्त्यात नव्याने आलेला मराठी माणूस बंगाली मित्रासमवेत बुद्धिबळाच्या पटावर बसला की पहिला घोटाळा शब्दांचा होतो. आपल्या कोपऱ्यातल्या हत्तीला तो मित्र ‘नौका’ म्हणतो, आणि आपला उंट त्याच्याकडे ‘गज’ होऊन बसलेला असतो. वजिराचाही मंत्री झालेला असतो. नद्यांच्या या देशात चतुरंग सेनेतील रथाच्या ठिकाणी नाव यावी, यात आश्चर्य ते काय! ही नाव जुनी आहे. सोळाव्या शतकात नवद्वीप हे न्यायशास्त्राचे विद्यापीठच होते. तेथील स्मार्त पंडित रघुनंदन यांच्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. त्यात राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी अशी प्रत्येकाची सेना सांगितली आहे. टोळांतील शिष्यमंडळींना पंडितांनी या खेळापासून किती दूर ठेवले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा या प्रांतात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर वकिलीसाठी येऊन राहिले. लंडनमध्ये स्टॉन्टनसारख्या अग्रगण्य खेळाडूशी शेकडो डाव खेळलेल्या या गृहस्थांना कलकत्त्याच्या चेस क्लबात तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळेना. त्या क्लबाच्या एका सभासदाचे पत्र 1850 साली लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ मासिकात छापून आले. मुफस्सलात कधीही न हरलेला एक ब्राह्मण आहे, अशी वार्ता त्यात होती. हेच महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी मासिकांनी त्यांचे नाव कधी ‘मोहेशचंदर’, कधी आणखी काही असे छापले.

या दोघांच्या लढतीचे मर्म नियमांत आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. राजा आणि हत्ती यांनी एकाच चालीत किल्ला बांधण्याची सोय नव्हती. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. महेशचंद्रांनी विलायती नियम आत्मसात केले, पण हात जुनाच राहिला. प्रतिपक्षाने मध्यभागी दोन-दोन घरे पुढे प्यादी रेटावी, यांनी मात्र घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून त्यामागे उंट दडवून ठेवावा, आणि मग दुरून त्या मध्यभागावर मारा करावा. मे 1855 मधील डावात त्यांनी प्रथम घोडा काढला, मग ते प्यादे, नंतर वजिरापुढचे प्यादे दोन घरे, आणि मग उंट. तो डाव कॉक्रेनने जिंकला. परंतु हीच मांडणी 1922 साली व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डने अलेखाइनविरुद्ध खेळली, अलेखाइन हरला, आणि ती ‘ग्रुनफेल्डचा बचाव’ म्हणून जगभर गाजली.

येथे मला थोडे अडखळावयास होते. 1848 साली महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रेनने दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा बळी देण्याचा प्रयोग केला. त्याला आजही ‘कॉक्रेन गँबिट’ म्हणतात. सदुसष्ट वर्षांनी तीच चाल खेळणाऱ्या ऑस्ट्रियनाचेही नाव टिकले. महेशचंद्रांच्या वाट्याला मात्र ‘इंडियन डिफेन्स’ हे देशवाचक विशेषण आले; 1884 पासून हा शब्द छापील आढळतो. व्यक्तीचे कर्तृत्व देशाच्या खात्यावर जमा करण्याची ही रीत दिसावयास उदार, परंतु हिशेबात फसवी आहे. तरीही कॉक्रेनवर रुष्ट होणे अन्यायाचे ठरेल. हरलेले आणि जिंकलेले डाव त्यांनी टिपून ठेवले नसते, तर हा ब्राह्मण आज कोणास ठाऊक झाला असता? आपल्या पंडितांनी बुद्धिबळावर ग्रंथ रचले. तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांचे पुस्तक 1814 साली मुंबईत इंग्रजीतही निघाले. परंतु अमुक दिवशी अमुक दोघे बसले आणि कोण हरले, हे लिहून ठेवणे त्यांना क्षुद्र वाटले असावे.

कॉक्रेन 1869 साली स्वदेशी परतले आणि 1878 मध्ये वारले. याच नगरीत वाढलेले दिब्येंदू बरुआ 1991 साली ग्रँडमास्टर झाले, आनंदनंतरचे दुसरे भारतीय; तिसरे, 1997 सालचे, आपले मुंबईकर प्रवीण ठिपसे. गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी पट मांडले जातात. विद्यार्थी, कारकून, पेन्शनर भोवती गर्दी करतात, आणि नाव हरवली की पाहणारेच आधी हळहळतात.