तसबिरीतला चेहरा

लक्ष्मीपूजनाला आमच्या कल्याणात पाटावर जी तसबीर मांडतात, ती पुष्कळ घरी राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीचीच नक्कल असते. कमळावर उभी, चार हात, अंगावर साडी. चेहरा मात्र चांगला ओळखीतल्या माहेरवाशिणीचा! वाचकहो, हा चेहरा आला कोठून?

रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात शिळाछापखाना काढला, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना घाटकोपरमार्गे १८९९ साली मळवलीस गेला. कल्याणहून पुण्याची गाडी धरली की घाट चढून लोणावळ्याच्या पुढचेच हे स्टेशन.

तैलचित्रासाठी चित्रकारासमोर हाडामांसाची बाई बसत असे. कुलीन घरची स्त्री परपुरुषापुढे तासन्‌तास बसणे त्या काळी अशक्यच. तेव्हा हे काम बहुधा गाणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रियांकडे येई. चित्र पुरे झाले की ते जर्मन कारागिरांच्या हाती जाई. प्रत्येक रंगाला निराळा दगड, आणि एकावर एक छाप. कागद केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर! या उठाठेवीत चित्रकार आणि त्याच्यापुढे बसलेली बाई यांचे नाते संपले, असे मला वाटते. चेहरा तेवढा घरोघर गेला. नाव मागे राहिले.

नाव नसले की कादंबरीकाराचे फावते. रणजित देसाईंच्या कादंबरीतली सुगंधा लोकांना खरीच वाटते. मीही कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो : नायिका म्हणजे पुरावा नव्हे.

गोमंतकीय गायिका अंजनीबाई मालपेकर रविवर्म्यांसाठी बसल्या, असे मात्र आवर्जून सांगतात. त्यांचा जन्म १८८३ चा. म्हणजे छापखाना निघाला तेव्हा त्या ११ वर्षांच्या! तेव्हा त्यांचा चेहरा शोधायचाच, तर तो रविवर्म्यांच्या अखेरच्या काही वर्षांत शोधावा. १९०६ साली ते वारले. अंजनीबाईंनी पुढे कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांना विद्या दिली, आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलो केले. हे नाव त्यांनी गळ्यावर मिळवले. बाकीच्या बायांना गळा असेल, नसेल. ज्यांना हळदीकुंकवाचे बोलावणे कधी गेले नाही, त्यांच्याच मुखावर आमच्या आज्यांनी हळदकुंकू वाहिले.

मळवलीचा छापखाना कर्जापायी रविवर्म्यांच्या हयातीतच फ्रिट्झ श्लाइखर या जर्मनाकडे गेला होता. १९७२ साली तो आगीत जळाला. अंजनीबाई त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ साली गेल्या.