मोटारसायकलचे इंजिन आणि रिव्हर्सची सोय

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सहसा रिव्हर्स नसतो. दुचाकी पायाने मागे रेटता येते. तेच इंजिन मोटारीत बसवले की ही उणीव जाणवते. इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीच्या व्ही-ट्विन इंजिनाच्या तीनचाकींना सुरुवातीला रिव्हर्स नव्हता. तो 1930 च्या दशकाच्या आरंभी आला. जर्मनीच्या मेसरश्मिट केआर200 ने 1955 मध्ये वेगळी वाट काढली. तिचे टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू केले की चारही गिअर मागे जाण्यासाठी वापरता येत. 1988 मध्ये होंडाने गोल्ड विंग जीएल1500 या अवजड मोटारसायकलीत स्टार्टर मोटरलाच रिव्हर्सच्या कामाला जुंपले.

पुढे ब्रिटनमध्ये लोटस सेव्हनच्या धाटणीच्या, घरी बांधलेल्या गाड्यांत सुपरबाइकची इंजिने बसू लागली, तेव्हा काही हौशी कारागिरांनीही स्टार्टर मोटरचाच आधार घेतला. प्रॉपेलर शाफ्टवर दातेरी चक्र बसवून त्याशेजारी मोटर पक्की करतात. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून बटण दाबले की सोलेनॉइड मोटरचे पिनियन चक्राच्या दात्यांत ढकलतो आणि गाडी सावकाश मागे सरकते. मोटर भरपूर वीज ओढते व लवकर तापते, म्हणून ती थोडा वेळच चालवतात. यांत्रिक रिव्हर्स बॉक्सला ही मर्यादा नसते, पण त्याने वजन व खर्च वाढतो.