लेकीचे नाव काय ठेवावे?

भिवंडीतल्या एखाद्या घरात मुलगी जन्माला येते. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि कुर्रर करून नाव सांगते. त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, मोमीन विणकराच्या घरी सातव्या दिवशी अकीका होतो आणि तिथेही लेकीचे नाव ठरते. विधी निरनिराळे, पण त्याआधीचा वाद बहुधा एकच. आजीला नाव गोड, नाजूक, नटलेले हवे असते. आईला वाटते, नाव लहान असावे, हाक मारायला सोपे असावे; मुलालाही चालेल असे असले तर काय बिघडले? मग कोणीतरी मध्येच म्हणते, "छे! असली नावं आपल्यात नसतात. मुलीचं नाव कसं मुलीसारखं हवं!"

वाचकहो, अशी नावे आपल्यात खरोखरच नव्हती का? जरा मागे वळून पाहू.

फार लांब जायला नको. भिवंडी तालुक्यातच, तानसा नदीच्या परिसरात, वज्रेश्वरीचे देऊळ आहे. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर तो फेडला, असे सांगतात. तिचे नाव पाहा. वज्र म्हणजे इंद्राचे हत्यार. त्या नावात फूल नाही की चांदणे नाही, तरी आपल्या आयाबाया मोठ्या भक्तीने तिची ओटी भरतात.

ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर वारावरून नाव ठेवण्याची जुनी चाल आहे. मंगळवारी मुलगा झाला तर मंगळ्या, मुलगी झाली तर मंगळी; बुधवारी बुध्या आणि बुधी. वार मुलाचा तोच मुलीचा, फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. विणकरांच्या मोहल्ल्यात शमीम, नसीम, मुमताज, खुर्शीद ही नावे तर पुरुषांचीही असतात आणि बायकांचीही. तिथे एक अक्षरही बदलावे लागत नाही.

आता आणखी मागे जाऊ. नाशिकच्या लेण्यांत सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको हिने एक खोली दान दिल्याची नोंद तिथे कोरलेली आहे. तिचे नाव दक्षमित्रा. तिथल्याच दुसऱ्या लेण्यातल्या लेखात सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई बोलते. ती गौतमी बलश्री. नावातच बळ आहे! आणि तिचा पराक्रमी मुलगा जगाला स्वतःची ओळख देतो ती गौतमीचा पुत्र म्हणून.

पुढच्या काळातली नावे तर तुम्हांला पाठच आहेत. मुक्ता, जनी, जिजा, सई, येसू, तारा. दोन दोन अक्षरांची नावे ही. शेतातून हाक मारली तर बांधापलीकडे ऐकू जावीत अशी. त्यांतल्या जिजाऊंनी राज्य घडवायला हात दिला आणि ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज घेतली. नाव साधे होते म्हणून त्यांचे काही अडले नाही.

दोघांना मिळून एक नाव, हेही आपल्याला नवे नाही. भीम हा पांडव, आणि भीमा ही पंढरपूरची नदी. बाबासाहेब आंबेडकर १८९१ साली महूला जन्मले. त्यांच्या आईचे नाव भीमाबाई आणि त्यांचे भीमराव. उत्तरेकडे कमल हे पुरुषाचे नाव असते, आपल्याकडे ते घरोघरच्या मावशीचे. किरण तर दोघांचेही. कोणी विचारील, "मग मुलगा की मुलगी, हे कळायचं कसं?" त्याची सोय आपल्या मराठीनेच करून ठेवली आहे, बरं का! किरण आला, किरण आली. क्रियापद सगळे सांगून टाकते. नावावर तो भार टाकायची गरज काय?

इथवर सगळे गोडच झाले. आता दोन कडू गोष्टी.

पहिली गोष्ट खाडीपलीकडच्या कल्याणची. तिथल्या एका घरातली एक मुलगी ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. आईवडिलांनी नाव ठेवले यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. हीच आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, वारली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुनाच. तांदळात नवे नाव लिहिले की जुने पुसले जाई. आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव आठदहा वर्षे टिकायचे. मुलाचे मात्र नाव जन्मभर एकच.

दुसरी गोष्ट याहून कडू. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवत. मुले जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये, मूल दगडासारखे टिकावे, म्हणून ठेवलेली ती नावे. वरून ओबडधोबड, पण आत माया. मुलींचे मात्र एक नाव असे होते की त्यात माया शोधूनही सापडत नाही. ते म्हणजे नकुसा, नकुशी. नको असताना आलेली. यापुढे तरी मुलगी होऊ नये, ही त्यामागची इच्छा. ही फार जुनी गोष्ट समजू नका. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्यांतल्या कित्येक शाळेत जाणाऱ्या होत्या. रोज हजेरीच्या वेळी त्या मुलीने "हजर" म्हणायचे ते कोणत्या नावाला? "नको असलेली" या नावाला!

म्हणून सांगायचा मुद्दा असा. साधे नाव आणि कमीपणाचे नाव यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. नाव नटवे नसले तरी चालेल, छोटे असले तरी चालेल, मुलाचे वाटले तरी चालेल. मात्र ही लेक आम्हांला हवी होती, हे त्यातून तिला ऐकू आले पाहिजे. आणि तिला ते सातव्या वर्षी शोभावे तसेच सत्तराव्या वर्षीही शोभावे.

आता व्यवहाराचे थोडे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. नाव ठरले नसेल तर नोंदणी अडवून ठेवू नका. नोंद झाल्यापासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. म्हणजे आज तुम्ही लेकीला जे नाव द्याल, ते पुढे तिच्या लेकरांच्या नावातही लिहिले जाईल. गौतमीपुत्राची रीत थोडीफार परत आली म्हणा ना!

गुरुजी आणि बाई, तुम्हांला एक विनंती. वर्गातल्या मुलांना एक सोपा घरचा अभ्यास द्या. आजीला तिचे माहेरचे नाव विचारून या, ते कोणी ठेवले होते आणि त्या नावाने तिला शेवटची हाक कोणी मारली होती, तेही विचारा. मुले परत येऊन जी नावे सांगतील ती फळ्यावर लिहून काढा. घरात बारसे ठरलेले असेल, तर त्या फळ्यावरूनच एखादे साधेसे नाव सापडेल.