कापसाचा हंगाम आणि करमणुकीची तिथी

नाटक-सिनेमांच्या सुवर्णमहोत्सवांची आणि शताब्द्यांची जी गणना आपल्याकडे चालते, ती मुंबई-पुण्याच्या पंचांगावरून चालते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लागला, ही तिथी सर्वमुखी आहे आणि ती तशी असणे उचितही आहे. परंतु एखादे नाटक अमरावतीस किंवा एखादा बोलपट अकोल्यास केव्हा आला, हा प्रश्न इतिहासकारांना प्रश्नच वाटत नाही, आणि म्हणून ज्या वऱ्हाड प्रांताने मराठी रंगभूमीला नाटककार दिले, प्रेक्षक दिले आणि पैसाही दिला, त्याच्या वाट्यास तिच्या चरित्रात चार-दोन ओळींपलीकडे काही येत नाही.

वऱ्हाडातील करमणुकीचा काळ कापसाने ठरविला. १८५३ साली निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाचा दुष्काळ पडला. त्याच सुमारास लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुराकडे गेला, आणि अमरावती, अकोला, खामगाव या पेठांत ऐन हिवाळ्यात रोकड खुळखुळू लागली. शेतात सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली, गाड्या जिनाच्या दारी लागल्या आणि अडत्याकडून चुकारा हाती आला, की वऱ्हाडी माणसास नाटकाची आठवण होई. आणि सावकाराच्या व्याजाने गांजलेल्या नाटक मंडळ्यांनाही नेमकी त्याच वेळी वऱ्हाडची आठवण होई.

या प्रांताने केवळ तिकिटे घेतली असे मात्र नाही. १९०५ साली मुंबईस जे पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे होते. लोकमान्यांचे सहकारी, नामांकित वकील आणि ‘वऱ्हाडचे नबाब’ अशी ख्याती पावलेला हा रसिक त्या आसनावर शोभलाही असेल. दुसरे वकील श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद येथील कचेऱ्यांत अशिलांची कामे चालविता चालविता त्यांनी संगीत नाटकाचे रूप पालटले. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पारशी रंगभूमीच्या ठसकेबाज चाली मराठी पदांत शिरल्या, आणि जुन्या वळणाच्या श्रोत्यांनी कितीही नाके मुरडली, तरी मराठी नाट्यसंगीत त्यानंतर पुन्हा पूर्वीच्या जागी गेले नाही. राम गणेश गडकऱ्यांनी ज्यांना गुरू मानले, ते हेच कोल्हटकर.

परंतु अमरावतीने ज्यांच्याविषयी विशेष अभिमान बाळगावा, ते वीर वामनराव जोशी होत. देशासाठी कारावास भोगलेल्या या पुरुषाने ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ लिहिले आणि केशवराव भोसल्यांनी त्यातील मृणालिनी अजरामर केली. पुढे १९२७ साली वामनरावांचे ‘रणदुंदुभि’ बळवंत संगीत मंडळीने आणले आणि मास्टर दीनानाथांच्या तेजस्वी गळ्यातून त्यातील पदे घरोघर गेली. त्याच वर्षी, १३ नोव्हेंबरला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाची परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. नाटकगृहाचा असा उपयोग झाला, ही गोष्ट मला कोणत्याही प्रथम प्रयोगाइतकीच मोलाची वाटते, कारण शेकडो माणसे एका छपराखाली बसतील अशी जागा त्या काळी बहुधा नाटकवाल्यांनीच उभी केलेली असे.

पेठेपासून दूर असलेल्या खेड्यांची रंगभूमी जत्रेत होती. परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमबाबाची यात्रा थंडीत महिनाभर भरते. राहुट्या ठोकाव्यात, हंडीत मटण शिजवावे, रोडगे भाजावेत आणि रात्री तमाशाच्या फडाकडे किंवा टुरिंग टॉकीजच्या तंबूकडे वळावे, असा तेथला जुना परिपाठ. तंबूत बहुधा एकच यंत्र असे. हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले. ते संपले की पडदा अंधारे, ऑपरेटर कंदिलाच्या उजेडात दुसरे रीळ चढवी, आणि भुईवर घोंगडी पांघरून बसलेली मंडळी तोवर झालेल्या कथेची चर्चा करून घेत. शहरात अखंड पाहिलेला चित्रपट येथे खंडाखंडाने, जणू अध्यायशः, पाहिला जाई.

याच यात्रेत हातात खराटा घेऊन गाडगेबाबा येत आणि नवसाच्या पशुहत्येविरुद्ध कीर्तन करीत. करमणुकीच्या गजबजाटात उभे राहून, करमणुकीहून अधिक माणसे धरून ठेवणारा हा कीर्तनकार २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ निवर्तला, आणि १९७७ साली त्याचे चरित्र ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाने पडद्यावर आले. बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली. दिग्दर्शक राजदत्त धामणगावचे. कथा परतवाड्यास जन्मलेल्या आणि तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची. वऱ्हाडच्या मातीतील माणसाची गोष्ट वऱ्हाडच्याच माणसांनी सांगितली, असा योग मराठी चित्रपटात विरळा.

चित्रपटांच्या व्यापारात हा प्रदेश ‘सी. पी. बेरार’ (मध्यप्रांत-वऱ्हाड) या नावाने ओळखला जाई. प्रांताचे ते नाव राज्यकारभारातून गेले, तरी वितरकांच्या वह्यांत ते कित्येक दशके टिकले. भुसावळ हे त्या व्यवहाराचे मोठे ठाणे. तेथून रेल्वेच्या फाट्याफाट्यांनी सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या गावोगाव फिरत, आणि पेटी गाडीतून उतरली की नाही, यावर सायंकाळचा खेळ अवलंबून असे. अमरावतीत राजकमल, चित्रा, श्याम ही चित्रपटगृहांची नावे चौकांना चिकटली आणि रोजच्या पत्त्यांत रुळली.

१९३६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात करमणूक कराचा कायदा झाला आणि प्रत्येक तिकिटात सरकारचा हिस्सा आला. ज्या कराविषयी थिएटरवाल्यांनी जन्मभर तक्रार केली, त्या कराचीच दप्तरे, तंबूंचे परवाने आणि स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती यांवरून वऱ्हाडच्या करमणुकीच्या तिथ्या आज लावता येतील. ‘रणदुंदुभि’ची आणि इंद्रभुवनातील परिषदेची शताब्दी २०२७ मध्ये एकत्रच येत आहे. गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावतीच्या विद्यापीठाने तिथ्या लावण्याचे हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि आरंभ ‘रणदुंदुभि’ आपल्या कर्त्याच्या गावी प्रथम कोणत्या रात्री झाले, या एका प्रश्नापासून करावा.