‘लॉक’ कुणाचं? जुन्या जीपने शिकवलेली साधनचिकित्सा

संशोधनाची तयारी करताना एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: साधनांकडे संशयाने बघा. आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. संशय घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला सोलापुरात एका सेकंडहँड जीपखाली वाकून बघताना कळलं.

तर झालं असं. माझा विषय स्वातंत्र्योत्तर सोलापूर जिल्ह्यातलं ग्रामीण प्रशासन. त्यात एक प्रकरण वाहनांवर आहे: साहेब गावात पोचायचे कसे? मुलाखतींसाठी करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट या भागांत फिरायचं होतं. एसटी गावापर्यंत नेते, वस्तीपर्यंत नाही. म्हणून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घ्यायचं ठरवलं. पैसे शिष्यवृत्तीतून साठवलेले, त्यामुळे चूक परवडणार नव्हती.

एक गाडी पसंत पडली. विकणारा म्हणाला, “फोर बाय फोर आहे, डिफरन्शियल लॉकसकट.” पुढच्या चाकाच्या मधोमध एक चकती होती आणि तिच्यावर चक्क ‘लॉक’ आणि ‘फ्री’ असं इंग्रजीत कोरलेलं. लेखी पुरावाच की! सोबत आलेले मेस्त्री मात्र हसले. “सर, हे हबचं लॉक हाय. डिफचं न्हाई.”

हा फरक आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. एका अ‍ॅक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. तिची एक अडचण आहे. साधं, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की त्याला फिरवायला फारसं बळ लागत नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढंच तुटपुंजं बळ मिळतं. गाडी जागच्या जागी. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि पकड असलेलं चाक गाडी ओढतं.

मग फोर-व्हील-ड्राइव्हचं काय? जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा लिव्हर टाकला की इंजिनचं बळ पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलना जातं. पण प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं डिफरन्शियल ओपनच राहतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चारचाकी ताकदीची जीपही अडकते. ‘फोर-लो’ने वेग कमी होऊन जोर वाढतो, चाकं बांधली जात नाहीत. आणि हबचं लॉक? ते फक्त पुढची चाकं त्यांच्या अ‍ॅक्सलला जोडतं किंवा मोकळी सोडतं. रस्त्यावर टू-व्हीलमध्ये चालवताना पुढचे भाग उगाच फिरू नयेत, एवढाच त्याचा हेतू.

म्हणजे ‘लॉक’ हा शब्द एकच आणि वस्तू दोन. तिसरी वस्तू ट्रॅक्टरची. अनेक ट्रॅक्टरना टाचेजवळ डिफ लॉकचं पेडल असतं. उसाच्या फडात ट्रॉली रुतली की ते दाबायचं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

त्या रात्री मी माझ्या मुलाखतींची टिपणं काढली. तीन जणांनी ‘लॉक लावलं की गाडी निघायची’ असं सांगितलं होतं. तिन्ही ठिकाणी मी बिनधास्त ‘डिफरन्शियल लॉक’ असं लिहून टाकलं होतं. त्यावरून निष्कर्षही काढला होता: जीपच्या तंत्रामुळे पावसाळ्यातही प्रशासन वस्तीवर पोचू लागलं.

आता इतिहासाशी ताळा करून बघा. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांची दोन्ही डिफरन्शियल ओपन होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रने विलिस जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम आला, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गटविकास अधिकारी म्हटलं की जीप, हे समीकरण पक्कं झालं. पण ही त्याच वंशातली जीप. कारखान्यातूनच डिफ लॉक असलेल्या गाड्या सामान्य ग्राहकाला दिसू लागल्या त्या खूप नंतर: पुण्याच्या फोर्स मोटर्सची २०१३ ची गुरखा, पुढे-मागे दोन्हीकडे लॉक असलेली, आणि २०१५ ची सुधारित थार, मागच्या अ‍ॅक्सलवर आपोआप लागणारं लॉक असलेली. माझी टिपणं होती १९७० च्या दशकाबद्दलची. माझं वाक्य चाळीसेक वर्षं आधीच धावत होतं.

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर चिकित्सेच्या त्याच पायऱ्या वापरा. आधी बहिरंग: आरसी बुकातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरलाय का, सरकारी लिलावातली असेल तर त्याची कागदपत्रं आहेत का. मग अंतरंग. पुढच्या चाकांना उटी लावा, मागचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल ओपन. पण थांबा, ही चाचणी अर्धीच आहे! थारसारखं आपोआप लागणारं लॉक दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्यावरच लागतं, हाताने हळू फिरवल्यावर तेही ओपनसारखंच वागतं. तिथे मॉडेलचं वर्ष, व्हेरियंट आणि सर्व्हिस रेकॉर्डच बघावं लागतं. डिफरन्शियलच्या तेलात धातूचा कीस दिसतो का, तेही पाहा. फोर-व्हील कच्च्या रस्त्यावर टाकून बघा, कोरड्या डांबरावर नको. पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला गेल्यामुळे वळणावर ताण गिअरवर येतो.

एखादी चाचणी काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करू शकत नाही, हे दोन्ही लिहून ठेवायची सवय मला इथून लागली. आता मुलाखतीत तांत्रिक शब्द आला की मी तिथेच विचारतो: ते कुठे होतं? हाताने लावायचं की पायाने? खाली उतरावं लागायचं का? आणि टिपणात बोलणाऱ्याचा मूळ शब्द ठेवतो, माझा अर्थ शेजारी कंसात.

जीप घेतली, लॉकचे पैसे वजा करून. पहिली फेरी त्याच तिघांकडे केली. दोघांनी हाताने हबची चकती फिरवून दाखवली. तिसरे आजोबा मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. मी विचारलं, “ते लॉक हाताने लावायचे की पायाने?”

“पायानं,” ते म्हणाले. “साहेबाची जीप रुतली व्हती. लॉक माझ्या ट्रॅक्टरचं. मीच वडून काढली की!”

प्रकरणाचा तो भाग आता नव्याने लिहितोय. जीपशेजारी त्यात ट्रॅक्टरही आहे आणि तो चालवणारा शेतकरीही.