चेंबूरच्या पाचोळ्याचे ऋण

मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला. तोवर चेंबूर ठाणे जिल्ह्यातच होते आणि त्या जिल्ह्याची भातशेती राबावर उभी होती. राब म्हणजे उन्हाळ्यात रोपांच्या वाफ्यावर शेण, टहाळे, पाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर थोडी माती पसरायची आणि पावसाआधी ते सावकाश भाजायचे. जंगलखात्याला यात नासाडी दिसली. टहाळे तोडण्यावरच्या बंधनांनी ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. खात्याचा आक्षेप पोकळ नव्हता. छाटणीने झाडे खुरटत होती, शिवाय पान जाळले की त्यातला बराचसा नत्र धुरावाटे जातो. राखेत पालाश, स्फुरद आणि चुना उरतो. पण शेतकऱ्याची अडचण वेळेची होती. आपल्याकडची पानगळ मुख्यतः कोरड्या दिवसांत होते आणि ओल नसल्याने पाने तशीच पडून राहतात. पाऊस आला की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात खरे, पण निबर, नत्र कमी असलेली पाने कुजवताना ते मातीतला नत्र आधी स्वतःसाठी उचलतात. जंगलातल्या मोठ्या झाडाला थांबता येते, जूनमधल्या कोवळ्या रोपाला येत नाही. भाजलेल्या मातीत मात्र अमोनियाच्या रूपातला नत्र लगेच मोकळा होतो आणि तणाचे बीही मरते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ मध्ये राबावर सविस्तर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. खात्याने ज्याला अडाणीपणा मानले, ते अभ्यासण्याजोगे तंत्र होते.

राबात नत्र गमावला तरी राख शेतातच राहत होती. चेंबूरमध्ये हे चक्र तुटले ते शहराच्या कचऱ्याने. कुर्ल्याहून इथवरचा रेल्वेमार्ग १९०६ मध्ये मुंबईचा कचरा वाहण्यासाठी टाकला गेला. प्रवाशांना तो १९२४ मध्ये मिळाला. १९२७ पासून देवनारला कचराभूमी झाली. घाटावरून, कोकणातून भाजी, धान्य आणि चारा यांच्या रूपाने आलेले मातीचे सत्त्व इथल्या दलदलीत पुरले गेले, परत गेले नाही. तिथून जवळच ट्रॉम्बेचा खतकारखाना १९६५ मध्ये सुरू झाला आणि हवेतला नत्र पकडून युरिया करू लागला. त्या खताने देशाची भूक भागवायला हातभार लावला, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण युरियात फक्त नत्र असतो. पानासोबत गेलेला पालाश, चुना आणि सेंद्रिय कर्ब तो भरून देत नाही.

मग आज पदपथावर पाने पेटवणारा जुना राबच करतो का? नाही. त्याची राख गटारात जाते आणि धूर शेजाऱ्याच्या छातीत. पाने उचलली नाहीत तर पावसात गटारे तुंबतील, ही तक्रार रास्त आहे. पण रस्त्यावरून पाने उचलायची म्हणून ती देवनारलाच न्यायला हवीत असे नाही. इथल्या पर्जन्यवृक्षांचेच पाहा. ते शेंगवर्गातले, त्यामुळे त्यांच्या पानांत नत्र बरा असतो आणि पाने बारीक असल्याने लवकर कुजतात. उद्यानाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओल धरून, थोडे शेण घालून आणि अधूनमधून वरखाली करून त्यांचे काही महिन्यांत खत होते, आणि ते त्याच झाडांच्या आळ्यांत घालता येते.